सासूबाईंचा एचआयव्ही 'रिॲक्टिव्ह' आलाय, काही प्रश्न आहेत

शेवंती | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिला धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

सासूबाई ६७ वर्षांच्या. डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बुधवारी ठरलं होतं. काल त्याच्या आधीच्या रक्ततपासण्या झाल्या. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक, आणि खाली एका ओळीत 'एचआयव्ही १ व २: रिॲक्टिव्ह'. काउंटरवरच्या मुलीने ते बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे आता जमणार नाही, सरकारी दवाखान्यात जा. दोन मिनिटांत विषय संपला त्यांचा.

सासूबाईंना काही सांगितलेलं नाही. 'मशीन बिघडलंय' म्हणून घरी आणलं.

सासरे एसटीत ड्रायव्हर होते. १९९९ साली टीबीने गेले. काल रात्री नणंदेचा फोन आला आणि जे कुणी बोलायचं नाही ते ती बोलली, "दादा, बाबा लांबच्या गाड्या करायचे ना रे?" तेव्हापासून हे हॉलमध्ये बसतच नाहीत. समोर बाबांचा फोटो आहे.

माझी मुलगी ८ वर्षांची. आजीच्या ताटात जेवते, आजीच्या कुशीत झोपते. नेलकटर घरात एकच. तिची तपासणी करावी का? रिपोर्ट चुकू शकतो का? सरकारी दवाखान्यात नक्की कुठल्या खिडकीवर जाऊन काय म्हणायचं? दुसरा शनिवार, रविवार, सोमवारी सुट्टी. मंगळवारपर्यंत काय करू तेही सुचत नाहीये.

---

रातराणी | शनिवार, रात्री ११.५२

शेवंती, आधी पाणी पी आणि झोप. मुलीला काही झालेलं नाही. एका ताटात जेवून एचआयव्ही होत असता तर आपली निम्मी लग्नं पंगतीतच मोडली असती. बाकीचं जाणकार सांगतीलच.

---

लॅबवाला | रविवार, सकाळी ७.१०

ताई, १४ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'रिॲक्टिव्ह' म्हणजे 'पॉझिटिव्ह' नव्हे. कार्डवर दुसरी रेघ उमटली, एवढाच त्याचा अर्थ. ही चाळणी चाचणी. खरा रुग्ण एकही सुटू नये म्हणून चाळणी मुद्दाम बारीक ठेवतात, मग कोंड्याबरोबर एखादा दाणाही अडकतो.

जरा हिशोब करून बघा. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के. म्हणजे १००० माणसं तपासली तर खरी २ सापडणार. समजा किट इतकं चांगलं आहे की संसर्ग नसलेल्या १०० माणसांपैकी साडेनव्व्याण्णवांना ते बरोबर 'नाही' म्हणतं. तरी उरलेल्या ९९८ मधल्या ५ जणांना उगाच रेघ येणार. एकूण रेघा ७, त्यातल्या खऱ्या २. म्हणून ज्याला कुठलीच जोखीम नाही अशा माणसाची एकटी रेघ बघून कुणी निकाल देत नाही, देऊ नये. सरकारी केंद्रात पहिल्या किटवर रेघ आली तर त्याच रक्तावर आणखी दोन वेगळ्या बनावटीची किटं वापरतात. तिन्ही जुळली तरच पॉझिटिव्ह लिहितात.

तुमच्या रिपोर्टवर बारीक अक्षरात 'खात्री करून घ्यावी' अशी ओळ असेलच. आम्ही छापतो, वाचत कुणी नाही.

---

खवचट | रविवार, सकाळी ७.३५

सात रेघांत दोन खऱ्या! आमच्या हवामान खात्यापेक्षा बराच स्ट्राइक रेट आहे की.

(शेवंतीताई, राग मानू नका. लॅबवाल्याचं बरोबर आहे.)

---

पाटलाचं_पोर | रविवार, सकाळी ८.०२

आमच्याकडं गावात न्हाव्याच्या वस्तऱ्यानं पसरतंय म्हणून लई बोभाटा झालता. सगळी तरणी पोरं तालुक्याला जाऊन दाढी कराय लागली. न्हावी बिचारा म्हणायचा, माझा धंदा एड्सनं न्हाई, अफवंनं मारला. वस्तऱ्यानं होतंय का खरंच? जाणकारांनी सांगावं.

आन् पाणीपुरीवाल्यानं रक्त मिसळलं, थेटरात खुर्चीला सुई टोचून ठेवली, हे फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर दर वर्षी श्रावणात येत्यात. सणासारखं.

---

पांढराकोट | रविवार, सकाळी ९.२०

पाटील, एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर फार तग धरत नाही. रक्त वाळलं की त्याची संसर्गाची ताकद झपाट्याने उतरते. वस्तऱ्याने पसरणं कागदावर शक्य, व्यवहारात नगण्य. तरी ब्लेड नवीनच मागा, कारण हिपॅटायटिस बी वाळक्या रक्तातही ७ दिवस टिकतो. त्याला मात्र कुणी घाबरत नाही.

डास चावून होत नाही. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही, आणि हा विषाणू डासाच्या पोटात वाढतही नाही, पचून जातो. लाळ, घाम, अश्रू, एकच संडास, पोहण्याचा तलाव, मिठी, पापा, यातल्या कशानेही नाही. मार्ग मोजकेच: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, सुया वाटून वापरणं, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून.

आता शेवंती, तुमच्या सासऱ्यांबद्दल. इथे थोडं स्पष्ट बोलतो. आपल्या देशात टीबी एचआयव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याने गेलेल्या बहुतेक माणसांचा एचआयव्हीशी काही संबंध नसतो. दुसरं म्हणजे, सासूबाईंना लागण झाली असेल तर ती १९९९ च्या आधीची धरावी लागेल. औषधाविना सरासरी ८ ते १० वर्षांत प्रतिकारशक्ती कोसळते. पंचवीस वर्षं एकही गोळी न घेता, हिमोग्लोबिन ठीक, नातीला सांभाळणारी बाई? अशी माणसं असतात, पण शंभरात एखादं, तेही मुश्किलीने. म्हणजे तुमच्या नणंदेची शंका खरी ठरायला बरेच योगायोग एका रांगेत उभे राहावे लागतील.

मंगळवारपर्यंत काही करायचं असेल तर फोटोसमोर बसायला सांगा यजमानांना.

---

अनिकेत_डोंबिवली | रविवार, सकाळी १०.१५

डॉक्टर, सगळं मान्य. पण म्हणूनच मी म्हणतो लग्नाआधी दोन्हीकडचे रिपोर्ट सक्तीचे करा. पत्रिका कसल्या बघता? पुढच्या पिढीला असे फोटो उतरवावे लागणार नाहीत.

---

सुलूमावशी | रविवार, सकाळी १०.४०

अनिकेत, सक्तीने काय होतं ते सांगते. पोरगं रिपोर्ट आणेल निगेटिव्ह, आणि मागच्याच महिन्यात लागण झाली असेल तर? लागण झाल्यापासून ती टेस्टमध्ये दिसेपर्यंतच्या काळात, विंडो पिरियडमध्ये, कागद कोराच येतो. रिपोर्ट त्या दिवसाचा असतो रे, माणसाचा नसतो. आणि लग्नानंतरचं काय? दर दिवाळीला उटण्याबरोबर टेस्ट?

स्वखुशीने दोघांनी मिळून जा ना. माझ्या भाच्याने आणि त्याच्या बायकोने तसंच केलं, येताना मिसळ खाऊन आले. सक्ती आली की खोटे रिपोर्ट विकणारेही येतात. वाहनांच्या पीयूसीचं काय झालंय बघतोयस ना?

---

खवचट | रविवार, सकाळी १०.४४

३६ गुण जुळले, पण किटच्या रेघा जुळल्या नाहीत.

---

काजूबोंड | रविवार, दुपारी १२.०५

सक्ती हा शब्द आला म्हणून लिहितो. आमच्या गोव्याने ती करून पाहिली आहे.

१९८९ ची गोष्ट. डॉमनिक डिसोझा नावाचा तरुण रक्तदान करायचा. त्यातून त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. त्याला नाही, आधी यंत्रणेला कळलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा एचआयव्ही असलेल्याला अलग ठेवण्याची तरतूद घातलेली होती. त्याला उचलून म्हापशाला एका जुन्या क्षयरोग इस्पितळात कोंडलं. ६४ दिवस. गुन्हा काय, तर रक्त दिलं. आई कोर्टात गेली. १९९० साली मुंबई हायकोर्टाने कायदा योग्यच ठरवला. पण तोवर लोक जागे झाले होते. डॉमनिकने नंतर 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

लहान होतो तेव्हा मोठी माणसं त्या बाजूने जाताना नाकाला रुमाल लावायची. हवेतून येतो असं वाटायचं त्यांना. अनिकेत, सक्ती म्हटलं की मला तो रुमाल आठवतो.

---

अनिकेत_डोंबिवली | रविवार, दुपारी १२.३०

हे माहीत नव्हतं. कोंडण्याबद्दल मी बोलत नव्हतो, पण मुद्दा पोचला. तरी मुलीच्या बापाची भीती खोटी नाही, एवढंच म्हणतो आणि थांबतो.

---

एकशंका | रविवार, दुपारी १.१८

धागा दुसऱ्याचा आहे, माफ करा. २० दिवसांपूर्वी माझ्याकडून चूक झाली, कंडोम नव्हता. काल टेस्ट केली, निगेटिव्ह आली. घसा दुखतोय, मानेला गाठ लागतेय असं वाटतंय. सुटलो का मी?

---

पांढराकोट | रविवार, दुपारी १.४५

एकशंका, २० दिवसांचा निगेटिव्ह चांगला आहे, पण पुरेसा नाही. अँटिजेन (विषाणूचा अंश) आणि अँटिबॉडी (त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) दोन्ही बघणारी, चौथ्या पिढीची म्हणतात ती टेस्ट लॅबमध्ये शिरेतल्या रक्तावर, त्या प्रसंगापासून ४५ दिवसांनी करा. बोटाला टोचून केलेल्या रॅपिडवर भरवसा ठेवणार असाल तर ९० दिवस धरा. तोवर कंडोम, आणि रक्तदान नाही. गंमत म्हणून टेस्ट करायला रक्तपेढीत तर अजिबात जायचं नाही.

लक्षणांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही. घसा दुखतोय कारण तुम्ही दिवसातून चाळीस वेळा गिळून बघताय. गाठ लागते कारण दाबताय.

आणि हे सगळ्यांसाठी: असा प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आत पेप नावाची, लागण टाळणारी औषधं सुरू करता येतात, २८ दिवस. जितक्या लवकर तितकं बरं. वीस दिवसांनी त्याचा उपयोग नसतो.

---

परिचारिका_०७ | रविवार, दुपारी ३.००

पेप मी घेतलंय. रात्रपाळीत इंजेक्शनची सुई बोटात घुसली, पेशंट पॉझिटिव्ह होता. अशा वेळी लागण होण्याची शक्यता हजारात ३ असते, हे मीच विद्यार्थिनींना शिकवायचे. स्वतःच्या बोटातून रक्त आल्यावर ते ९९७ कुठे गेले कळलं नाही.

बोट दाबून रक्त काढत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि पळा. मला दोन तासांत पहिली गोळी मिळाली. २८ दिवस मळमळ, तोंडाला कडवट चव. ६ आठवड्यांनी निगेटिव्ह, ३ महिन्यांनी निगेटिव्ह. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूबाईंना वाटलं दिवस गेलेत. लिंबाचं लोणचं काढून ठेवलं होतं त्यांनी माझ्यासाठी.

---

खिडकीपलीकडे | रविवार, संध्याकाळी ५.३०

शेवंतीताई, तुमच्या 'कुठल्या खिडकीवर' या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. मी समुपदेशक आहे, रोज त्याच खिडकीपलीकडे बसते.

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात जा आणि 'आयसीटीसी' विचारा. पाटीवर 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' असं लिहिलेलं असतं, पण शिपाई आयसीटीसीच ओळखतो. पैसे लागत नाहीत. आधी आम्ही बोलतो, संमती घेतो, मग रक्त, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी निकाल. निकाल ज्याचा त्याच्याच हातात. आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात.

एक मात्र सांगते. सासूबाईंना न सांगता आणू नका. त्यांच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही. खरं तर त्या डोळ्याच्या दवाखान्यानेही त्यांना विचारायला हवं होतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संमतीशिवाय चाचणी नाही, निकाल चारचौघांत सांगणं नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं नाही. काउंटरवरच्या त्या मुलीने आणि डॉक्टरांनी दहा मिनिटांत तिन्ही मोडले. तक्रार करायची की नाही ते नंतर बघा, पण चूक तुमची नाही एवढं लक्षात ठेवा.

'आजी, रक्तात एक शंका आलीय, पुन्हा बघायचंय', इतकं साधं सांगितलं तरी चालतं. म्हाताऱ्या बायका आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप काही पचवून बसलेल्या असतात.

---

नवीन_आयडी | रविवार, रात्री १०.५०

माझा इथे जुना आयडी आहे, आठ-नऊ वर्षांचा. तुमच्यापैकी काही जण मला कट्ट्यावर भेटलेही आहेत. आज दुसऱ्या नावाने लिहितोय.

२००९ साली मला कळलं. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, १४० होता, म्हणजे बराच उशीर झाला होता. एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून) गोळ्या सुरू झाल्या. सरकारी औषधं २००४ पासून मोफत मिळतात, नाहीतर माझा पगार बघता मी आज नसतो. सुरुवातीच्या गोळ्यांनी पायात मुंग्या यायच्या, गाल बसले. लोक म्हणायचे डाएट करतोस का. नंतर औषधं बदलली. आता रात्री जेवणानंतर एक गोळी. बस. बीपीवाल्याला दोन असतात.

गावी वडील होते तोवर माझा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा. कुणी काही बोलायचं नाही. खिळा बोलायचा. वडील गेल्यावर आईने एक दिवस तो कप उचलून त्यात स्वतः चहा प्यायला. मी बघतोय याची खात्री करून.

बायकोला लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. ती निगेटिव्ह आहे, दोन्ही मुलं निगेटिव्ह आहेत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणारी टेस्ट, वर्षातून एकदा करतो, गेली कित्येक वर्षं रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतं.

हे लिहायचं कारण अनिकेत यांचं 'फोटो उतरवावे लागणार नाहीत'. शेवंतीताई, रिपोर्ट काहीही आला तरी फोटो उतरवू नका हो.

---

सीमोल्लंघन | सोमवार, पहाटे ४.१५ (आमच्याकडे अजून रविवारच)

नवीन_आयडी यांना नमस्कार. त्यांच्या शेवटून दुसऱ्या परिच्छेदाला जोड देतो. रक्तात विषाणू मोजता येण्याइतका उरला नाही की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही, हे आता पक्कं झालंय. यातला पहिला मोठा अभ्यास, १७६३ जोडप्यांचा, निम्मा-पाव आपल्याकडचाही म्हणता येईल, कारण त्यात पुण्याची नारी (राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) आणि चेन्नईचं केंद्र होतं. २०११ मध्ये निकाल आला: लवकर उपचार सुरू केलेल्यांच्या जोडीदारांत लागण ९६ टक्क्यांनी कमी. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासात, औषधांनी विषाणू दाबलेल्या माणसाकडून जोडीदाराला एकही लागण सापडली नाही. शून्य. फक्त गोळी चुकवायची नाही.

आणि मोफत गोळ्यांचं मूळ बघायचं तर २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला. तोपर्यंत तो १० हजार डॉलरच्या पुढे होता. इथे माझ्या ऑफिसातल्या लोकांना सांगितलं की विश्वास बसत नाही.

---

खवचट | सोमवार, सकाळी ८.०५

आज विनोद नाही. नवीन_आयडी, पुढच्या कट्ट्याला या. चहा माझ्याकडून, एकाच कपातून प्यायची तयारी आहे.

---

पाटलाचं_पोर | सोमवार, सकाळी ८.३०

खवचटराव, कप एकच असला तरी बिल दोनाचं द्या. कट्ट्याला तुम्ही कधी पाकीट आणलेलं बघितलं न्हाई.

---

रातराणी | सोमवार, सकाळी ९.१५

एक विचारू? आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला दूध पाजू देतात का? आमच्या कामवाल्या मावशींच्या सुनेचा प्रश्न आहे.

---

खिडकीपलीकडे | सोमवार, सकाळी १०.००

हो, आई गोळ्या नीट घेत असेल तर. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं काही नाही, आणि बाळाला वेगळं औषध देतात. काही उपाय केला नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते, औषधांनी ती ५ च्या खाली येते. बाळाची पहिली तपासणी ६ आठवड्यांनी, शेवटची १८ महिन्यांनी, कारण तोवर आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात फिरत असतात आणि साध्या टेस्टवर उगाच रेघ येऊ शकते. सुनेला नोंदणीला पाठवा, इथल्या माहितीवर थांबू नका.

---

शेवंती | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

सगळ्यांचे आभार. आज जाऊन आलो.

काल रात्री मीच आईंजवळ बसले आणि सांगितलं. खिडकीपलीकडे ताईंचंच वाक्य वापरलं. आई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून पिंकीला माझ्या खोलीतून हलवलंत होय? मला वाटलं मी घोरते."

इतकं वाईट मला त्या रिपोर्टनेही वाटलं नव्हतं. मी शनिवारी हा धागा टाकला, रातराणीने बारा मिनिटांत उत्तर दिलं, ते वाचूनही मी पोरीचं अंथरूण हॉलमध्येच ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू.

केंद्रात पहिल्या किटवर काहीच आलं नाही. बाहेरचा रिपोर्ट दाखवला म्हणून त्यांनी उरलेल्या दोन किटांवरही पाहिलं. तिन्हींवर निगेटिव्ह. खात्रीसाठी दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. तिथल्या ताईंनी आईंना आत एकटीला बोलावून सांगितलं, आम्ही बाहेर. आई बाहेर आल्या त्या पदर सारखा करत, आणि सांगायच्या आधी आम्हाला मिनिटभर ताटकळत ठेवलं. मुद्दाम.

घरी आल्यावर त्यांचं भिंतीकडे लक्ष गेलं. ह्यांनी रविवारी फोटो 'काच पुसायला' म्हणून काढला होता, तो कपाटावर पालथा होता. आई म्हणाल्या, "तो आधी लाव. आणि ताईला फोन कर."

---

पांढराकोट | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

उत्तम. दोन आठवड्यांची तारीख चुकवू नका. ऑपरेशन दुसरीकडे लगेच ठरवा, मोतीबिंदू पिकत ठेवू नका.

---

एकशंका | मंगळवार, रात्री ९.०५

शेवंतीताई, छान झालं. माझे अजून २३ दिवस बाकी आहेत. गाठ दाबणं बंद केलंय.

---

परिचारिका_०७ | मंगळवार, रात्री ९.३०

नणंदेला फोन केला का?

---

शेवंती | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४.००

केला. दोघं बहीणभाऊ फोनवर फक्त आंब्याच्या भावाबद्दल बोलले. पण वीस मिनिटं बोलले.

दुसरा रिपोर्टही निगेटिव्ह. मोतीबिंदू परवा दुसऱ्या दवाखान्यात झाला. आई काळा चष्मा लावून पिंकीला पाढे म्हणायला लावतायत. पहिल्या दवाखान्याला तक्रारीचं पत्र लिहून ठेवलंय, ह्यांची सही व्हायचीय. आणि डॉक्टरांचं हिपॅटायटिसचं वाचून नेलकटर चार आणलेत, नावं घालून.

---

खवचट | शनिवार, दुपारी ४.१०

चार नेलकटर! वेगवेगळ्या खिळ्यांना टांगू नका म्हणजे झालं.